जुना वेबकॅम, विंडोज ११ आणि टॉवेलचे पिक : काही मार्ग आहे का?

पिकग्लास | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथं नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. आयुष्य धागे मोजण्यात गेलं, पण असा धागा कधी काढला नव्हता. चूकभूल द्यावी घ्यावी.

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचे थोडे लूम आहेत, टॉवेल आणि नॅपकिनचे. माझ्याकडे २००९ साली नवी पेठेत घेतलेला एक वेबकॅम आहे. गोल डोळा, खाली चिमटा, डोळ्याभोवती सहा बारके एलईडी, माइकची पिन वेगळी. खोक्यावर मोठ्या अक्षरात पंचवीस मेगापिक्सेल. मुलगी तेव्हा पुण्याला शिकायला होती, तिच्याशी बोलायला घेतला होता. ते काम त्यानं दोन वर्षं केलं. मग एक दिवस लेन्स पुसता पुसता माझ्या हातून तिची रिंग जरा जास्तच फिरली. समोरची भिंत धूसर झाली आणि टेबलावरच्या टॉवेलचा एकेक लूप मॉनिटरवर बोटाएवढा दिसायला लागला!

त्या दिवसापासून तो कॅमेरा बोलायचा राहिला नाही. टेबल लॅम्पच्या जुन्या मानेला बांधून खाली तोंड करून ठेवलाय. पार्टी समोर बसली की खाली टॉवेल सरकवायचा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवायची आणि पिक, म्हणजे इंचातले आडवे धागे, मोजून दाखवायचे. पिक ग्लासात, म्हणजे धागे मोजायच्या भिंगात, एका वेळी एकच डोळा जातो. इथं घेणारा, देणारा आणि चहा घेऊन आलेला पोरगा, तिघं मिळून मोजतात. मालावरून होणारी निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

आता अडचण. दिवाळीत जुन्या पीसीचा बोर्ड गेला. त्यात विंडोज ७ होतं. मुलानं विंडोज ११चा नवा लॅपटॉप आणून दिला. कॅमेरा लावला की लॅपटॉप टुंग करतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पीसी कॅमेरा' असं नाव येतं, आणि त्यावर पिवळा त्रिकोण. खोक्यातली सीडी जपून ठेवली आहे, ती तळहातावर मावणारी छोटी. लॅपटॉपला सीडीचं तोंडच नाही, म्हणून भाच्याकडून बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला. सेटअप म्हणाला, ही सिस्टिम चालत नाही. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये एक्सपी निवडून परत चालवला. या वेळी शेवटपर्यंत गेला, 'यशस्वी' म्हणाला, रिस्टार्ट केलं. त्रिकोण जागच्या जागी.

दुकानात नेला तर पोरगा हसला. "काका, फेकून द्या." मग नेटवरून ड्रायव्हर शोधून देणारा एक प्रोग्राम उतरवला. त्यानं १४ ड्रायव्हर जुने आहेत असं सांगितलं आणि पैसे मागायला लागला.

खरंच फेकायचा का?

कडकभाकरी | शनिवार, रात्री १०:४१

मालक, आठशे रुपयांत नवा येतो की. कशाला जीव जाळून घेता.

हार्डवेअरवाला | शनिवार, रात्री ११:०५

काका, पहिलं काम म्हणजे तो ड्रायव्हर शोधणारा प्रोग्राम आत्ताच्या आत्ता काढून टाका. पैसे तर भरूच नका. असल्या प्रोग्रामनी नासवलेली मशिनं माझ्याकडे नेहमी येतात. चांगला चालणारा साउंडचा ड्रायव्हर उपटून भलताच बसवलेला असतो.

दुसरं, खोक्यावरच्या कंपनीला फारसा अर्थ नसतो. त्या काळात स्वस्तातल्या कॅमेऱ्यांवर स्टिकर एकाचं आणि आत चिप दुसऱ्याची असंच चालायचं. चिप कळली की निम्मं काम झालं. त्रिकोणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि खालच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. तिथं व्हीआयडी (बनवणाऱ्याचा नंबर) आणि पीआयडी (वस्तूचा नंबर) यांच्यापुढे चार-चार अक्षरं असतील, ती इथं टाका.

सीडीतली फोल्डरंही बघून घ्या. 'एक्स६४' किंवा 'एएमडी६४' नावाचं, म्हणजे ६४ बिटच्या विंडोजसाठीचं, काही आहे का? प्रोसेसर इंटेलचा असला तरी फोल्डरचं नाव एएमडी असतं, त्यावरून गोंधळू नका.

ज्योती_जुळेसोलापूर | शनिवार, रात्री ११:३०

धागा पळवत नाही, पण माझाही प्रश्न विंडोज ११चाच. मी घरून मुलांच्या शिकवण्या घेते. माझा वेबकॅम तीन वर्षांपूर्वीचा आहे, त्रिकोण वगैरे काही नाही, तरी कॉलमध्ये नुसतं काळं दिसतं. पिकग्लासकाकांचं झालं की माझ्याकडेही बघा कुणीतरी.

पिकग्लास | रविवार, सकाळी ८:१५

प्रोग्राम काढला. व्हीआयडी ०सी४५, पीआयडी ६१३सी.

सीडीत विन९८, विन२०००, एक्सपी आणि व्हिस्टा अशी फोल्डरं आहेत. एक्स६४ कुठंच नाही.

कडकभाकरी, आठशेवालाही आणून बघितला. त्याची लेन्स जागेवर चिकटवलेली, फिरतच नाही. हातभर लांबचं तोंड झकास दिसतं, दोन इंचांवरचा लूप म्हणजे नुसता पांढरा ढग.

पेंग्विन_विजापूररोड | रविवार, सकाळी ९:०२

आयडी दिलात, बरं केलंत. ०सी४५ म्हणजे सोनिक्सची चिप. ६१३सी म्हणजे एसएन९सी१२०. चित्र ६४० बाय ४८०, म्हणजे साधारण ०.३ मेगापिक्सेल. उरलेले २४.७ खोक्यावरच राहिले.

आता हा चालत का नाही ते सांगतो. थोडं लांबेल, पण एकदा समजलं की नुसती झटापट करावी लागत नाही.

आजचे जवळपास सगळे वेबकॅम 'यूएसबी व्हिडिओ क्लास' म्हणजे यूव्हीसी नावाच्या ठरलेल्या पद्धतीनं बोलतात. ती भाषा विंडोजला एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून येते. म्हणून नवा कॅमेरा खोचला की लगेच चालतो, सीडी लागत नाही. तुमचा कॅमेरा यूव्हीसीवाला नाही. त्याची भाषा त्याची स्वतःची.

अशी घरगुती भाषा का केली, तर नळी बारीक होती. ही चिप यूएसबी १.१ची, सेकंदाला १२ मेगाबिट. ६४० बाय ४८०चं चित्र, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, सेकंदाला ३० चित्रं, असा हिशेब केला तर सुमारे १४७ मेगाबिट होतात. बारा इंचांच्या दारातून दीडशे इंचांचं कपाट न्यायचं. मग प्रत्येक चिपवाल्यानं कपाट आपापल्या पद्धतीनं खोललं. सोनिक्सची ही चिप जेपीईजी करून पाठवते, पण जागा वाचवायला प्रत्येक फोटोचं मुंडकं कापून, नुसतं धड. ते मुंडकं परत लावायचं काम पीसीतल्या ड्रायव्हरचं. ड्रायव्हर नसेल तर विंडोजला नुसती धडं मिळतात. मग तो त्रिकोण लावून मोकळा होतो.

जकार्डवाला | रविवार, सकाळी ९:४०

म्हणजे आमच्यासारखंच की. आजोबांच्या वेळच्या डिझाइनचे पंच केलेले पत्ते माळ्यावर पोत्यानं पडलेत. मोर आहे, कमळ आहे, एकदम अस्सल. पण नक्षी विणणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनिक जकार्डवर ते चढत नाहीत. डिझाइन खराब नाही, वाचणारं यंत्र गेलं.

पेंग्विन_विजापूररोड | रविवार, सकाळी ९:४४

अगदी तेच.

हैदराबादला_नोकरी | रविवार, सकाळी १०:२०

माहेर (मुलगा असलो तरी माहेरच म्हणतो) भवानी पेठ. कंपॅटिबिलिटी मोडबद्दल एक सांगतो, कारण ही चूक सगळेच करतात. तो मोड प्रोग्रामला फसवतो, "तू एक्सपीवरच आहेस" असं सांगतो. म्हणून काकांचा सेटअप शेवटपर्यंत गेला. पण ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, आत बसतो, तिथं ही फसवाफसवी चालत नाही. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर चढतच नाही, मग कुणीही काहीही करो. विंडोज १०ची ३२ बिट आवृत्ती तरी होती. ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. वर ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते, ती वेगळीच. काकांच्या जुन्या पीसीत विंडोज ७ होतं ते नक्की ३२ बिटचं असणार, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

सीडीतली आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. त्यात 'एनटीएएमडी६४' हे अक्षर कुठंच नसेल तर त्या सीडीचा विंडोज ११ला उपयोग नाही. चहाच्या कपाखाली ठेवा.

सातरस्ता | रविवार, सकाळी ११:१०

सही तपासणं बंद करता येतं की. स्टार्टअप सेटिंगमध्ये जाऊन सातवा पर्याय. शिवाय कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी, म्हणजे गाभ्याची राखण, बंद करायची.

हार्डवेअरवाला | रविवार, सकाळी ११:१८

सातरस्ता, नीट वाच की. सहीचा प्रश्न नंतरचा, ६४ बिटचा ड्रायव्हरच नाहीये. कुलूप तोडून आत जाशील, पण आत खोलीच नाही. आणि ज्या लॅपटॉपवरून काका जीएसटी भरतात आणि बँकेचे व्यवहार करतात त्याची मेमरी इंटिग्रिटी एका कॅमेऱ्यासाठी बंद करायला सांगू नकोस.

कडकभाकरी | रविवार, सकाळी ११:२५

काय सांगलालास बे सातरस्ता, दर वेळी तुझं काहीतरी उघडंच ठेवायचं असतं. मागं वायफायचा पासवर्ड काढायला सांगितला होतास.

सातरस्ता | रविवार, सकाळी ११:५०

बरं राहिलं. मग व्हर्च्युअल मशिन करा, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा नकली पीसी. विंडोज ११मध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाकायचा, त्यात ३२ बिटचं विंडोज ७, आणि कॅमेरा यूएसबीतून थेट आतल्या विंडोजला द्यायचा. हे तरी चालतं की नाही?

हैदराबादला_नोकरी | रविवार, दुपारी १२:३०

चालू शकतं. मी एका जुन्या स्कॅनरसाठी असंच केलं होतं, तो छान चालला. वेबकॅमचं मात्र भरवशाचं नाही. स्कॅनरचा एखादा तुकडा उशिरा पोचला तरी त्याला फरक पडत नाही. कॅमेऱ्याला दर मिलिसेकंदाला आपला वाटा लागतो, मधल्या व्हर्च्युअल थरात तो चुकतो आणि चित्र गोठतं. करून बघायला हरकत नाही. आतल्या विंडोज ७ला इंटरनेट देऊ नका, एवढं पाळा.

पेंग्विन_विजापूररोड | रविवार, दुपारी १:०५

माझं नाव बघून तुम्हाला कळलंच असेल मी काय सांगणार ते. :)

काका, ही चिप लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या फुकटच्या सिस्टिममध्ये, सीडीशिवाय चालते. फ्रान्समधल्या एका गृहस्थांनी, पेशानं डॉक्टर असलेल्या, फावल्या वेळात असल्या शेकडो स्वस्त कॅमेऱ्यांसाठी 'जीएसपीसीए' नावाचे ड्रायव्हर लिहिले. पुढे ज्याँ-फ्रांस्वा मुआन यांनी ते नव्या चौकटीत बसवले आणि २००८ साली, २.६.२७ या आवृत्तीपासून, ते थेट लिनक्सच्या कर्नलमध्येच आले. आजच्या कर्नलमध्येही आहेत. तुमच्या ०सी४५:६१३सीचं नाव त्या यादीत आहे. तुमच्या चिपचा भाग 'सोनिक्सजे'. तो 'जे' म्हणजे जेपीईजीचा, तुमच्या कापलेल्या मुंडक्यावाला.

लॅपटॉपला काहीही न करता बघता येईल. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) याची आयएसओ फाइल उतरवा, एचर किंवा रूफस वापरून पेन ड्राइव्हवर चढवा आणि पेन ड्राइव्हवरूनच लॅपटॉप सुरू करा. 'इन्स्टॉल' असं चित्र दिसेल त्याला हात लावू नका. आत गेल्यावर टर्मिनल उघडून एलएसयूएसबी असं सलग, बारक्या अक्षरात टाइप करा. यादीत ०सी४५ दिसलं पाहिजे. मग कॅमेऱ्याचं चित्र बघायला जीयूव्हीसीव्ह्यू नाहीतर चीज, यापैकी कुठलाही प्रोग्राम.

एक सूचना महत्त्वाची. नव्या लॅपटॉपवर बहुधा बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू असतो. बायॉसमध्ये काही बदललंत तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी किल्ली मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आधी ती कागदावर उतरवून घ्या, मगच पेन ड्राइव्ह लावा.

हार्डवेअरवाला | रविवार, दुपारी १:२०

शेवटच्या परिच्छेदाला दहा वेळा अनुमोदन. ती किल्ली हरवलेले लोक माझ्यासमोर रडलेत.

ज्योती_जुळेसोलापूर | रविवार, दुपारी ४:१०

माझं काळं चित्र?

हैदराबादला_नोकरी | रविवार, दुपारी ४:३२

ज्योतीताई, सॉरी. तुमचा तीन वर्षांपूर्वीचा म्हणजे यूव्हीसीच, ड्रायव्हरचा संशय सोडा. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, कॅमेरा. तिथं एकाखाली एक तीन चाव्या आहेत. पहिली सगळ्या मशिनसाठी, दुसरी अ‍ॅपसाठी, आणि अगदी खाली तिसरी 'डेस्कटॉप अ‍ॅप'साठी. लोक पहिल्या दोन चालू करतात आणि तिसऱ्यापर्यंत खाली जातच नाहीत. ब्राउझर आणि कॉलची बरीच सॉफ्टवेअरं तिसऱ्यात मोडतात. आणि लेन्सपुढे सरकपट्टी आहे का तेही बघा, हसू नका.

ज्योती_जुळेसोलापूर | रविवार, संध्याकाळी ६:०५

तिसरीच बंद होती! दिसलं. पण आता चित्रात आडवे काळसर पट्टे वर सरकत राहतात, जुन्या टीव्हीसारखे. मुलं म्हणतात, "मॅडम, तुम्ही पाण्याखाली आहात."

पेंग्विन_विजापूररोड | रविवार, संध्याकाळी ६:२२

ट्यूबलाइटमध्ये बसता का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कॅमेरा ६० हर्ट्झवर ठेवलेला असेल तर दोघांचा ताल जुळत नाही आणि पट्टे फिरतात. विंडोजच्या कॅमेरा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये फ्लिकर रिडक्शन आहे, ते ५० करा.

ज्योती_जुळेसोलापूर | रविवार, संध्याकाळी ६:४०

वर आले. :) तुम्ही सगळे खूप चांगले आहात.

जुनापीसी | रविवार, रात्री ९:१५

ज्योतीताईंच्या निमित्तानं आठवलं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये विंडोज १०चा मोठा अपडेट आला होता, तेव्हा चांगले नवे यूव्हीसी कॅमेरेसुद्धा कॉलमध्ये गोठायला लागले होते. मायक्रोसॉफ्टनं कॅमेरा आणि प्रोग्राम यांच्या मध्ये 'फ्रेम सर्व्हर' नावाचा मध्यस्थ बसवला, म्हणजे एकच कॅमेरा दोन प्रोग्रामना वापरता यावा. चांगला हेतू. पण त्या मध्यस्थानं कॅमेऱ्याकडून दाबून आलेलं एमजेपीईजी प्रोग्रामला तसंच द्यायचं बंद केलं, आणि प्रोग्राम तर तेच मागत होते. रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करून आम्ही दिवस काढले. नंतर त्यांनी दुरुस्त केलं. सांगायचं काय, की दर वेळी दोष कॅमेऱ्याचा नसतो.

पिकग्लास | सोमवार, रात्री ९:५०

उशीर झाला, दिवसभर गड्ड्याच्या जत्रेत होतो. नातवंडांना पाळण्यात बसवायचं होतं, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती.

आल्यावर बसलो. किल्ली कागदावर लिहून घेतली, ४८ आकडे, दोनदा तपासले. भाच्यानं पेन ड्राइव्ह बनवून दिला. मिंट सुरू झालं. एलएसयूएसबीच्या यादीत ०सी४५:६१३सी मायक्रोडिया असं दिसलं, तेव्हा मी खुर्चीतून उठलो.

पण चीज उघडलं तर नुसता काळा चौकोन. भाच्यानं टर्मिनलमध्ये काहीतरी बघितलं, तिथं 'एरर उणे २८' असं होतं. जीयूव्हीसीव्ह्यू उघडलं तर तो म्हणाला, 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही'. पेन ड्राइव्ह ८ जीबीचा आहे, भरला असेल का? ३२ जीबीचा आणू का?

पेंग्विन_विजापूररोड | सोमवार, रात्री १०:०१

आणू नका आणू नका! ही जागा पेन ड्राइव्हवरची नाही, यूएसबीच्या नळीतली आहे. लिनक्स दोन्हीला एकच वाक्य वापरतं, त्यानं भल्याभल्यांना फसवलंय. तुमचा कॅमेरा हबला लावलाय का? त्याच हबला आणखी काय काय आहे?

पिकग्लास | सोमवार, रात्री १०:०६

हो, हबला. कीबोर्ड, माउस आणि मुलाचा हेडफोन.

पेंग्विन_विजापूररोड | सोमवार, रात्री १०:०९

हेडफोन गुन्हेगार. आवाजालाही नळीतला राखीव वाटा लागतो आणि स्वस्त हबमध्ये ती १२ मेगाबिटची नळी सगळ्यांत मिळून एकच असते. कॅमेरा हबमधून काढा, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा.

पिकग्लास | सोमवार, रात्री १०:३१

दिसला!!!

आधी धुक्यासारखं होतं. रिंग उलटी फिरवत गेलो, अर्धा आटा, आणखी पाव आटा, आणि मग एकदम लूप उभे राहिले. घरातली सगळी आली बघायला. बायको म्हणाली, या टॉवेलला धुळीचा वास येईल असा दिसतोय.

टॉवेल हलवला की चित्र अडखळतं, पण आमचा टॉवेल कुठं पळून जातोय.

कडकभाकरी | सोमवार, रात्री १०:४०

माझे शब्द मागे घेतले मालक. पण ०.३ मेगापिक्सेलमध्ये पिक मोजता येतात? फोनला पन्नास असतात.

पिकग्लास | सोमवार, रात्री ११:०२

येतात. पट्टीवरचा एक इंच बरोबर पडद्याच्या रुंदीत बसवायचा. म्हणजे इंचाला ६४० पिक्सेल. आमचा टॉवेल तीन पिकच्या टेरीचा, म्हणजे लूपची एक ओळ पडायला तीन पिक लागतात. इंचात १५ ओळी धरल्या तर एका ओळीला ४२-४३ पिक्सेल मिळतात, आंधळ्यालाही दिसेल. ओळी मोजायच्या, तिनानं गुणायचं, पंधरा त्रिक पंचेचाळीस.

फोन मी वापरून बघितला. फोन स्वतःचं डोकं चालवतो, लूपच्या कडा गुळगुळीत करतो, आणि हात हलतो ते वेगळंच. शिवाय पार्टीला संशय येतो की हा फोटो आधीचा. समोर बोटानं टॉवेल सरकवला की पडद्यावर सरकतो, त्यावर विश्वास बसतो.

हार्डवेअरवाला | मंगळवार, सकाळी १०:१५

काका, धंदेवाईक म्हणून एक प्रामाणिक सल्ला. यूएसबी मायक्रोस्कोप म्हणून एक वस्तू मिळते, साधा हजार-दीड हजारात. यूव्हीसीवाला घेतलात तर विंडोज ११वर सरळ चालेल, फोकस फिरतो, दिवे आत असतात. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी तोच घ्यायला सांगेन.

तुम्हाला तुमचाच हवा असेल तर रोज पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करण्यात अर्थ नाही, आठ दिवसांत कंटाळाल. माझ्याकडे कोअर टू ड्युओचा एक डबा पडलाय, एका ऑफिसनं काढून टाकलेला. २ जीबी रॅम आहे, आणखी २ घालतो. मिंटचं एक्सएफसीई, म्हणजे हलकी आवृत्ती, त्यावर निवांत चालेल. त्याला इंटरनेटसुद्धा लागणार नाही, फक्त कॅमेरा. डब्याचे पैसे नकोत, रॅमचे द्या.

पिकग्लास | मंगळवार, सकाळी १०:४०

मायक्रोस्कोपचं तुमचं खरं आहे. पण या कॅमेऱ्याची सवय झालीय, आणि लॅम्पच्या मानेला तो बसलाय तसा दुसरा बसणार नाही. डबा घेतो. रॅमचे पैसे, आणि वर घरची शेंगा चटणी.

हार्डवेअरवाला | मंगळवार, सकाळी १०:४२

चटणी कांडलेली का मिक्सरची?

पिकग्लास | मंगळवार, सकाळी १०:४५

उखळातली. मिक्सरची चटणी आमच्यात पाहुण्याला देत नाहीत.

हार्डवेअरवाला | मंगळवार, सकाळी १०:४६

रॅमचेही निम्मेच द्या.

पिकग्लास | शनिवार, दुपारी ३:३०

आठवड्याचा हिशेब देतो, पुढं कुणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

डबा गोदामात बसवला. कॅमेरा पीसीच्या मागच्या पोर्टला, थेट. पुढच्या पोर्टची तार आत लांब जाते, तिथं दोनदा सुटला, मागं एकदाही नाही. सुरू केलं की दीड मिनिटात चित्र. सहा एलईडी उजेड करतात, पण अगदी जवळून ते लूपवर चमकतात आणि पांढऱ्या टॉवेलवर काहीच कळत नाही. त्यांच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावला, उजेड पसरला.

एकच अडचण उरली होती. रिंग इतकी बाहेर काढली की लेन्स आट्यांत ढिली झाली. लूम चालू झाले की त्या थरथरीनं फोकस हळूहळू उतरायचा. प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो ती पांढरी टेप दोन वेढे घातली. आता फिरवताना जरा घट्ट जाते, पण जिथं ठेवू तिथं राहते.

काल एक पार्टी आली. माल ४५ पिकचा सांगून त्यांना दुसरीकडून कुणीतरी दिला होता, नमुना घेऊन आले होते, आमच्याशी भाव तोलायला. पट्टी ठेवली, तिघांनी मोजलं. चौदा ओळी, म्हणजे ४२. त्यांनी टॉवेल उचलला, उलटा केला, परत ठेवला आणि म्हणाले, "अजून एकदा."

परत चौदाच आल्या.